मामाजींचा समुद्र

आमच्या घरी पाहुणा आला की त्याला लोणार पाहावंच लागे. पाहुणा घाईत असो, गुडघ्यांनी अधू असो, नाहीतर गेल्याच वर्षी लोणार पाहून गेलेला असो, पहाटे मामाजी गाडी जुंपून दारात उभे. मामाजी म्हणजे माझे सासरे. आम्ही कोकणात मामंजी म्हणतो. वऱ्हाडात आल्यावर तेवढा एक शब्द मी मुकाट्याने बदलला, बाकी सगळ्याला नाक मुरडलं.

मी समुद्राकाठची. माझे मामा बुलढाण्याला शाळेत मास्तर होते, त्यांनी हे स्थळ सुचवलं आणि वडिलांनी डोळे मिटून हो म्हटलं. आगबोट, मग आगगाडी, मलकापुराहून मोटार आणि शेवटी बैलगाडी, असं करत मी लोणारपासून दोन कोसांवरच्या या गावात येऊन पडले. आमचे ‘हे’ बुलढाण्याला कचेरीत. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, त्यामुळे यांच्या बदलीचं नक्की काय ते नागपूरहून कळायचं, आणि ते कळेपर्यंत माझं बिऱ्हाड गावात, सासूसासऱ्यांजवळ. माझं तोंड तेव्हाही असंच होतं. विहिरीचं पाणी जड, आमच्याकडे असं नसतं. उन्हाने जमीन भेगाळते, आमच्याकडे असं नसतं. नणंद माझी हुबेहूब नक्कल करायची, मान तिरकी करून, ‘आमच्याकडे’ म्हणत. मी चिडायचे आणि मग आम्ही दोघी हसत सुटायचो.

मामाजींनी म्हणे समुद्र पाहिला होता. तरुणपणी कापसाच्या गाड्यांबरोबर स्टेशनवर गेले, तिथून कुणाच्या तरी सोबतीने मुंबईला जाऊन आले, असं सगळं गाव सांगे. लोणारच्या काठावर पाहुण्यांना उभं करून ते ‘समुद्र असाच असते’ म्हणायचे आणि मग मुंबईचं वर्णन व्हायचं. हे मला नणंदेने सांगितलेलं. मी स्वतः काही लोणार पाहिलं नव्हतं. सून म्हणजे पाहुणी नव्हे, तिला कोण नेणार? आणि एक गोष्ट मला कोड्यात टाकायची. रस्त्यावरच्या बोहारणीशीही तासभर गप्पा मारणारा हा माणूस समुद्राविषयी माझ्याशी कधी अवाक्षर बोलला नाही. मी विषय काढला की त्यांना गोठ्यात काम आठवायचं.

त्या वर्षी मार्गशीर्षात नणंदेला पाहायला उंद्रीहून पाहुणे आले. मुलाचे वडील आणि मुलाची आत्या. वडील गोरेगोमटे, कमी बोलणारे, बागाईतदार. आत्याबाई मात्र अशा, की त्यांनी नुसतं पाहिलं तरी आपला पदर नीट आहे ना ते चाचपावंसं वाटावं. पोहे झाले, प्रश्न झाले, आणि आत्याबाई म्हणाल्या, “बसलेली पोरगी समद्यायचीच चांगली दिसते. मले चालताना पाहू द्या.”

“मंग उद्या लोणार,” मामाजी लगेच म्हणाले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांचे गुडघे धरले होते, त्या काही येणार नव्हत्या. मामाजी दारातून वळून म्हणाले, “अन् सूनबाई येईन. वर्ष झालं पोरीनं पानी पाह्यलं नाई.”

मी आत कणीक मळत होते. खरं सांगते, माझे हात थांबले. मला वाटत होतं या घरात माझं बोलणं सगळे एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडून देतात.

पहाटे रोडग्यांची कणीक, वांगी आणि गोवऱ्या गाडीत ठेवताना नणंदेने माझा हात धरला. तिने तो मुलगा मावशीकडच्या लग्नात पाहिला होता आणि तिच्या मनात तो पक्का बसला होता. आधीची दोन स्थळं काही कारण न सांगता परत गेली होती. “वैनी, तुमच्या पाया पडते,” ती म्हणाली, “आज दिवसभर ‘आमच्याकडे’ म्हनू नका. मले त्याच घरी जायचं हाय वं.” मी तिला वचन दिलं. दिलं खरं, पण ते माझ्याच्याने पाळवेल याची खात्री तिला नव्हती आणि मलाही नव्हती.

लोणारला पोचल्यावर मामाजींचं राज्य सुरू झालं. त्यांचा क्रम ठरलेला. आधी तिथल्या झऱ्याच्या धारेवर हातपाय धुवायचे. मग काठाकडे जायचं, पण पाठ करून, उलटं चालत, आणि ते ‘आता’ म्हणतील तेव्हाच वळायचं. उंद्रीचे भारदस्त पाहुणे उपरणं सावरत उलटे चालताहेत आणि आत्याबाई माझ्या खांद्याला धरून मागे मागे येताहेत, हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही. “आता!” मामाजी ओरडले. आम्ही वळलो.

पायाखालची जमीन जणू कुणी काढूनच घेतली होती. खाली खोल, गोल, झाडांनी भरलेला एवढा मोठा खड्डा, आणि तळाशी हिरवं पाणी. मी तोंड उघडलं. नणंदेने मला चिमटा काढला. पण मी काही वाईट बोलणारच नव्हते. मला काही सुचतच नव्हतं.

मग काठाकाठाने चाललो. एका बाजूला तुरीची शेतं, दुसऱ्या बाजूला कडा. मामाजी पुढे काठी टेकत, राक्षसाची गोष्ट सांगत. देवाने अंगठ्याने झाकण कसं उडवलं आणि आत लपलेल्या राक्षसाला कसं मारलं. ती गोष्ट नणंदेला तोंडपाठ. ती मागून मुक्याने ओठ हलवून प्रत्येक वाक्य त्यांच्या आधी म्हणून दाखवत होती. मला हसू आवरेना. आत्याबाईंनी दोनदा वळून पाहिलं.

उतरण सुरू झाली तसं रान दाट झालं. वर उघडं माळरान आणि इथे सावलीच सावली. सीताफळीची झुडपं, चिंचा, कडुनिंब, अंगावर येणाऱ्या वेली, मध्येच पडकी देवळं आणि त्यांच्या पायऱ्यांतून उगवलेली झाडं. एक मोर अगदी पुढ्यातून गेला. वानरांची एक टोळी आमच्या गोवऱ्यांच्या टोपलीकडे फार आशेने पाहत होती. ओल्या पानांचा तो वास नाकात गेला आणि मला आमच्या घरामागचं माडांचं आगर आठवलं. वर्षभरात मी पहिल्यांदा अशी चालत होते, भराभरा, घागर डोक्यावर नसताना. आत्याबाईंना मी हात देत होते आणि त्या नणंदेकडे न पाहता माझ्याकडेच पाहत होत्या. मला वाटलं, झालं, माझं काहीतरी चुकलं.

तळाशी आलो तेव्हा पाणी बरंच मागे सरलं होतं. काठावर खाराचा पांढरा थर, त्याखाली मऊ काळा चिखल. पाण्याला वास होता, चांगला नव्हता, पण खारं पाणी ते खारं पाणी. मी चपला काढल्या, ओचा वर खोचला आणि निघाले. चिखलात पाय रुतले, पांढरा थर कुरकुरला, आणि मी धावले. मोठी सासुरवाशीण, व्याह्यांसमोर, पदर वाऱ्यावर! मागून नणंद धावत आली, मला थांबवायला म्हणून, आणि तीही घसरून चिखलात बसली. आम्ही दोघी एकमेकींना उठवता उठवता पुन्हा पडलो. मला इतका आनंद झाला होता की माझ्याने थांबवेचना.

पुढे देवीच्या देवळाजवळ सासूसुनेची विहीर होती. एकाच विहिरीत एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट. मामाजींनी सगळ्यांना दोन्ही चाखायला लावलं. “गोड बाजू सुनेची,” ते म्हणाले. नणंद माझ्या कानात कुजबुजली, “आई संग असली का गोड बाजू सासूची असते.” उंद्रीचे पाहुणे पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

देवळाच्या सावलीत आम्ही गोवऱ्या पेटवल्या, रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. नणंदेच्या हाताला चव होती, प्रश्नच नव्हता. मुलाच्या वडिलांनी तूप ओतून रोडगा कुस्करला, दोन घास खाल्ले आणि पाण्याकडे पाहत सहज विचारलं, “भाऊ, तुमी समुद्र पाह्यला म्हनतात. कसा असते जी?”

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. पण आता गप्प बसणंही शक्य नव्हतं; साऱ्या मुलुखात त्यांची ती ख्याती. ते म्हणाले, “असाच. हे पाहा ना तुमी. असाच पसरलेला, निपचित. काठावर असंच पांढरं मीठ. अन् शांतता कशी! सुई पडली तरी आयकू येईन.”

मी हातातला घास खाली ठेवला. निपचित? शांत? ज्याने आयुष्यात एकदा, क्षणभर जरी समुद्र पाहिला असेल तो आधी त्याच्या आवाजाचं सांगेल. आमच्या घरी तर लग्नाच्या बोलण्यांत सुद्धा भरतीच्या वेळी माणसं ओरडून बोलायची. मामाजींनी समुद्र पाहिलेलाच नव्हता. मुंबईला गेलेही नसतील, किंवा गेले असतील तर कापसाच्या गाठींपलीकडे त्यांना काही दिसलं नसेल. म्हणून ते माझ्यापुढे तो विषय टाळायचे.

आणि नेमक्या तेव्हाच आत्याबाई माझ्याकडे वळल्या. “काय वं सूनबाई, तू तं तिकडचीच. असाच असते का समुद्र?”

रोडगे उलटणारी नणंद तशीच थांबली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. मामाजी आपल्या ताटाकडे पाहत होते. त्यांचे कान लाल झाले होते. मी खरं बोलले असते तर उंद्रीच्या माणसांनी काय म्हटलं असतं? मुलीचा बाप थापाड्या, बाकीचं तरी खरं कशावरून? आणि खोटं बोलणं माझ्या जिभेला जमत नाही, ती अडखळते. मग जे तोंडात आलं ते बोलून टाकलं.

“असाच असतो आत्याबाई. खारा, मोठा, अस्साच. फक्त आमचा माझ्यासारखा तोंडाळ आहे, दिवसभर बडबडतो. हा इथला मामाजींसारखा, शहाणा.”

मग मामाजींना ठसका लागला. ठसक्यातून हसू फुटलं, आणि ते असे हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पाहुणे हसले, नणंद हसली, आणि ह्या गोंधळात वानराने एक रोडगा पळवला तो कोणाच्या लक्षातही आला नाही.

चढण चढताना आत्याबाईंनी माझा दंड धरला आणि पुरुष पुढे जाईपर्यंत मुद्दाम हळू चालल्या. “आमच्या दादानं समुद्र दोनदा पाह्यला,” त्या म्हणाल्या. “पानी अंगावर धावून येते म्हने.”

सगळं संपलं म्हणून मी खाली पाहत राहिले.

“घाबरली काऊन? त्यानं मुद्दाम इचारलं थोडीच? त्याले वाटलं तुहे सासरे गमतीचं काई सांगतीन. मीच तुले इचारलं, अन् मुद्दाम इचारलं.” त्या दम खायला थांबल्या. “पोरगी तं समदेच चांगली दाखवतात बाई. मी सून पाहून ठरवते. दोन घरं पाह्यली आम्ही. सुना अशा गप, जशी जीभ कापून ठेवली. तू सासऱ्याची मस्करी केली, व्याह्यासमोर, अन् तो हासला. त्या घरची पोरगी बोलणारी असंन, अन् बोलू देणारीबी असंन. मले घरात तशीच पाह्यजे.”

मी वर्षभर ज्या तोंडाबद्दल सगळ्यांचं ऐकून घेतलं होतं, त्याच तोंडाने नणंदेचं लग्न ठरलं. वर पोचल्यावर आत्याबाईंनी तिच्या हातावर खडीसाखर ठेवली, आणि ती मुलगी, जी इतका वेळ माझ्या जिभेला घाबरत होती, सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. आनंदाने रडताना माणूस किती वेडं दिसतं याची तेव्हा मला पर्वा नव्हती.

पाहुण्यांची धमणी, म्हणजे बसायची हलकी बैलगाडी, उंद्रीच्या वाटेला लागली, आमची गाडी गावाकडे. दिवस मावळायला आला होता. नणंद मागे गोवऱ्यांच्या रिकाम्या टोपलीवर डोकं टेकून झोपली, की झोपेचं सोंग घेऊन स्वतःशी हसत होती, देव जाणे. मामाजी बैल हाकत होते. मग मागे न पाहता, हळूच म्हणाले, “सूनबाई.”

“काय मामाजी?”

“खरंच बोलते का वं तो?”

“हो तर,” म्हणत मी पुढे सरकून बसले. वर्षभरात घरातल्या कोणी मला माझ्या समुद्राविषयी एक प्रश्न विचारला नव्हता.

“किती मोठ्यानं?” त्यांनी पुन्हा विचारलं.

मग मी सांगायला लागले. भरतीचं, ओहोटीचं, श्रावणात तो कसा भिंतींवर येऊन आदळतो ते, आणि रात्री उशाशी कसा गुणगुणतो तेही. गाव जवळ आलं, दिवे दिसायला लागले. माझं अजून कितीतरी सांगायचं राहिलं होतं. मामाजींनी कासरा ओढला आणि गाडी गावाच्या वाटेवरून काढून शेताच्या लांबच्या वाटेला घातली.