तापलेला विळा

आमच्या दिंद्रुडात छबुबाईइतकी जड मोळी उचलणारी बाई मी पाहिली नाही. ऊस डोक्यावर घेऊन ती फळीवरून ट्रॅक्टरवर चढायची, तेव्हा गडी वाट सोडायचे. त्या बाईला एकच भीती होती, लेकीच्या हाताची. संस्कृतीच्या उजव्या मनगटावर जन्मापासून जांभळी, मऊ गाठ. रडली की फुगायची. सहा वर्षांची झाली तरी पोरीला पेन्सिल धरवत नव्हती.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गाठ शिरांची आहे, कापायची नाही. यंत्रावर बघत बारीक सुईनं औषध सोडू, शिरा आतून मिटत जातील. चार खेपा लागतील. पहिल्या सुईनंतर हात आधी सुजेल, टणक होईल, घाबरू नका.

तिसऱ्या दिवशी हात सुजला. छबुबाईचा सासरा उत्तरेश्वर डाग द्यायचा. बैलाचा खांदा असो की लेकराचं पोट, इलाज एकच, लाल केलेला विळा. पोटच्या लेकालाही, छबुबाईच्या नवऱ्याला अभिमन्यूलाही, त्यानं लहानपणी चार डाग दिलेले. सुईनं हात नासला म्हणत म्हाताऱ्यानं विळा चुलीत घातला. अभिमन्यूनं पोरीला दाबून धरलं.

छबुबाई पाणी घेऊन आली तेव्हा विळा मनगटापासून वीतभर होता.

"मामा, त्यात रगत हाय. फुटलं तर थांबायचं न्हाई."

"मग तुझा नवरा कावून जिता हाय? सरक."

तिनं लाल पातं उघड्या मुठीत धरलं. कातडं चरचरलं, जळक्या मांसाचा वास घरभर झाला. ती सोडेना. हिसका देऊन तिनं विळा ओढून घेतला, म्हाताऱ्याच्या दंडावर टेकवला आणि दाबला. म्हातारा गुरासारखा हंबरला. नवऱ्यानं तिच्या पेकाटात लाथ घातली. तिनं कोपरानं त्याचं नाक फोडलं, पोरीला काखेत घेतलं आणि तशीच एसटी गाठली.

चारही खेपा तिनं एकटीनं केल्या. गाठ वाटाण्याएवढी उरली. संस्कृती आता पाटीभर लिहिते. छबुबाईची मूठ मात्र पुरती मिटत नाही, कोयता फडक्यानं हाताला बांधावा लागतो.

म्हातारा तिच्याशी बोलत नाही. परवा शेजारचा सोमेश्वर पोट फुगलेलं लेकरू घेऊन दारात आला, विळाही त्यानंच आणला होता. म्हातारा बराच वेळ आपला दंड चोळत बसला.

"दवाखान्यात ने बे," तो म्हणाला. "लई दुखतं."