फोननं लिहिलेली विदाई

आमच्या नागभीडकडच्या गावात धान घरात आलं की मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक होतं. कोणाचं लग्न मोडलेलं असो की कोणाचा बैल मेलेला असो, नाटक होतं. घरोघरी पाहुणे येतात, लेकी सासरहून माहेरी येतात. झाडीपट्टीतला रिवाजच तो. नट सगळे गावचे, नाट्यमंडळाचे. नट्या तेवढ्या वडशाहून येतात. आणि नाटक लिहायचो मी. दिवसा कचेरीत फायली सरकवायच्या आणि संध्याकाळी सावकार, दारुडा भाऊ आणि लेकीची विदाई लिहायची, असं माझं थोर साहित्यिक जीवन होतं.

विदाईचा प्रवेश मी दर नाटकात घालायचो. मंडळाला वाटायचं, मला दुसरं काही सुचत नाही. सुचायचं हो, पण घालायचो मी माझ्या मोठ्या बहिणीसाठी. आम्ही तिला बाई म्हणतो. तिचं सासर अहेरीच्या पलीकडे, भामरागडच्या वाटेवर. तिची एकुलती एक लेक तापानं गेली, पावसाळ्यात, रस्ता पाण्याखाली असताना. सासरी बाई रडत नाही. ती रडली की आमचे भाटवे, म्हणजे तिचा नवरा, ताटावरून उठून जातात. माहेरी रडत नाही. आमची आई तिच्या तोंडाकडे टक लावून बसलेली असते. मग रडायचं कुठं? नाटकात. विदाईला सगळ्याच बाया पदर तोंडाला लावतात, त्यात एकीचं रडणं वेगळं कोण काढणार? वर्षातून तेवढंच तिचं मोकळं होणं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, तिलाही नाही. आपल्या लेखणीनं बहिणीचं दुःख हलकं होतं, अशी फुशारकी मनातल्या मनात मारायला बरी वाटायची.

यंदा मंडळाचा अध्यक्ष घरी आला. त्याचं नागभीडला मोबाईलचं दुकान आहे, म्हणून या भागातलं सगळं विज्ञान त्याच्या ताब्यात.

"भाऊ, यंदा तुमाले तरास नाई," तो म्हणाला. "नाटक झालं लिहून."

"कोणं लिहिलं?"

"एआयनं. या फोनातल्या. मी चहा पिऊन राह्यलो होतो, कप खाली ठेवाच्या आधी तीन अंक तयार."

मला तीन अंकांना दिवाळी ते दसरा लागतो. मी त्याला म्हटलं, बाकी काय करायचं ते कर, विदाईचा प्रवेश तेवढा माझा ठेव.

"तुमचं सारंच रडगाणं रायते भाऊ. विदाई बी आहे त्याच्यात. मी त्याले सांगतलंच होतं का बाया रडल्या पायजेत म्हणून."

झालं. ज्याला आई नाही, बहीण नाही, ज्यानं उभ्या जन्मात धानाची एक पेंढी बांधली नाही, त्यानं आमच्या बायांना रडवायचा मक्ता घेतला. मी संतापलो होतो, पण संतापून सांगणार काय? बहिणीचं नाव पुढं करायचं नव्हतं. मी नुसता बरं म्हणालो.

पोस्टरसुद्धा त्या एआयनंच काढलं. वा, काय पोस्टर होतं! गावाच्या मागं बर्फाचे डोंगर. आमचं जंगल म्हणून कुठलीतरी सुयांसारखी झाडं, त्यात सागाचं एक पान औषधालाही नाही. कोपऱ्यात आमचा आदिवासी म्हणून डोक्याला पिसं खोवलेला एक माणूस भाला घेऊन उभा. भामरागडच्या बाजूचे पाहुणे ते पोस्टर पाहून फार वेळ हसत होते. नायिकेच्या हाताला सहा बोटं होती, पण रंग असा गोरा की बोटं मोजायची कोणाला आठवण राहिली नाही.

तालमीला मी जात होतो. ऊर जळत असला तरी सवय जात नाही. नाटकात सगळेच शहाणे होते. सावकार जमीन बळकावण्याआधी आपल्या बालपणातल्या जखमा समजावून सांगायचा. सासू सुनेला म्हणायची, "मी तुझ्या निर्णयाचा आदर करते." आमच्याकडे सासू असं बोलली तर सून आधी वैद्याला बोलावील. विदाईत कंसात लिहिलं होतं, तिच्या डोळ्यांतून एक अश्रू ओघळतो. एक! मागं ताडपत्रीवर बसलेल्या बाईमाणसाला नटीचं नाक दिसत नाही, तिला हा अश्रू दाखवणार होते. अध्यक्ष म्हणाला, "भाऊ, ही आतली ॲक्टिंग आहे."

बाई मंडईच्या आदल्या दिवशी आली. वाळली होती. आईनं तिला जेवायला वाढलं आणि समोर बसून पाहत राहिली. बाई भात कालवत, हसत, सासरच्या मोहाच्या झाडांबद्दल काहीबाही सांगत होती. मला तिच्याकडे पाहवेना. हिचं यंदा काय होणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

नाटक उभं राहिलं. आता आमच्या नटांचा एक धर्म आहे: पाठांतर करायचं नाही. पडद्याआडून प्रॉम्प्टर जे बोलेल ते नरड्याच्या शिरा ताणून बोलायचं. नायिकेच्या बापाचं काम आमच्या किराणा दुकानदाराकडे होतं. त्यानं विदाईत लेकीला उराशी धरलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि प्रॉम्प्टरनं प्रवेशाच्या शेवटी फोननं अध्यक्षाला विचारलेलं वाक्यही वाचून टाकलं. बापानं हंबरडा फोडला, "पोरी, आपणास हवे असल्यास हा प्रवेश मी अधिक हृदयस्पर्शी करून देऊ शकतो. करू का?"

पुढच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "कर बापू, कर."

कोणी हसलं नाही. आमच्याकडे बाप रडत बोलला की तो खरंच बोलत असणार, अशी श्रद्धा आहे. पाठोपाठ गाणं लागलं. चाल फोनची, शब्द फोनचे, गाणारीही फोनमधलीच. आवाज गोड, पोटभर जेवून रडल्यासारखा. दरवर्षी आमचा ऑर्गनवाला बायकांच्या बाजूकडे बघत वाजवायचा, आणि तिकडचे हुंदके थांबेपर्यंत कडवं फिरवत राहायचा. यंदा तो हात मांडीवर ठेवून बसला होता. बत्त्या बारीक झाल्या. मी बायकांकडे पाहिलं, आणि चाटच पडलो. बाई रडत होती. पदर तोंडात कोंबून, अख्खी हलत होती. एवढ्यात गाणं खटकन थांबलं, बत्त्या भकदिशी लागल्या, पडदा पडला. तिच्या शेजारच्या बाया तिच्याकडे पाहत होत्या. तिनं तोंड पुसलं आणि खाली वाकून चप्पल शोधू लागली.

सकाळी तिला गडचिरोलीच्या बसवर सोडायला गेलो. बस यायला वेळ होता. शेवटी विचारलंच.

"बाई, त्या फालतू नाटकात कायले रडली तू? काय होतं त्याच्यात?"

"मले का मालूम. मी कुठी ऐकत होती."

"मंग?"

"रडू त माह्याजवळ घरूनच रायते. बत्ती बारीक झाली, बाया मुसमुसाले लागल्या, का मी आपली सुरू."

"माह्या नाटकातबी असंच?"

"तुह्या नाटकातबी नाई ऐकलं कदी," ती म्हणाली. मग माझं तोंड पाहून जरा मऊ झाली. "चांगलंच रायत असन बाप्पा. सारे म्हणते."

राग आला, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांची माझी विदाई, माझे ते ठेवणीतले शब्द, आणि फोनचा तो एक अश्रू, हिच्या लेखी दोघांची किंमत सारखीच. म्हणजे कवडीची. वळणावर बस दिसली तशी ती पिशवी उचलत म्हणाली,

"लिहाचं कोणीबी लिवा. पण गाणं लांबवाले सांगजो. यंदा मधातच तुटलं. अर्धं अंदरच राह्यलं माह्यं."

"मंग आता?"

"आता काय. पुढच्या मंडईपर्यंत ठेवा लागन." बस थांबली. ती पायरीवर चढली आणि मागं वळली. "आईनं इचारलं त सांगजो, हासत गेली म्हणून."