कणसरीच्या आधीची खीर

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, पण आधीच बजावते — ऐकून झाल्यावर ‘जाऊ दे गं’ म्हणायचं नाही. मला ते चालणार नाही.

तळासरीकडे अनाथ मुलांचा एक आश्रम होता. तिथे मी मुलांना सांभाळायची. स्वयंपाक, आंघोळी, उवा काढणं — सगळं. मी मूळची नरपडची, चिकूच्या वाडीतली. ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा घरी बसून टोमणे खाण्यापेक्षा हे बरं म्हणून आले. आणि तिथे मला जानी मिळाली. वारल्यांची पोर, आईबाप दोन्ही गेलेले. माझा पदर मुठीत धरल्याशिवाय तिला झोप यायची नाही. मी तिला माझीच समजत होते — का समजू नये?

मग मार्था आली. मुलांची सेवा करायला, समुद्रापलीकडून, आपणहून. डहाणूच्या स्टेशनावर तिला आणायला मीच गेले होते. त्या उकाड्यात पायांत लोकरीचे मोजे! गाडीतून उतरली आणि तिने मला मिठीच मारली. मी माझे हात कुठे ठेवू? वाईट होती का ती? मुळीच नाही. वाईट असती तर सोपं गेलं असतं. जमिनीवर मांडी घालून बसायची, मोडकंतोडकं मराठी बोलून मुलांना हसवायची. थोड्याच दिवसांत जानी तिचा झगा धरून झोपायला लागली. माझ्या पोटात दुखलं. स्पष्टच सांगते — जळले मी.

त्या वर्षीचं भात झोडून झालं आणि कुणीतरी आश्रमाला नवा तांदूळ दिला. मार्थाने मला विचारलं, मुलांना याची खीर करू का?

आता हे नीट ऐका. वारली माणूस नवा तांदूळ आधी कणसरीला देतो, धान्याच्या देवीला. भगत पूजा करतो, मगच नवं शिजतं. त्याआधी खाल्लं तर देवी कोपते. आमच्या वाडीत कामाला वारलीच असायचे, मला हे लहानपणापासून ठाऊक. मी मार्थाला म्हटलं, “कर की. खूष होतील.”

मुलं ताटांपासून मागे सरकली. “नवा हाय. कणसरीला नाय दिला.” मार्थाचं तोंड एवढंसं झालं. मला तेच हवं होतं — आणि खरं सांगू? बरं वाटलं. पण जानी? तिने मार्थाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चुलीकडे बघत राहिले. आणि ती पोर, मार्थाला वाईट वाटू नये म्हणून, डोळे घट्ट मिटून खीर खाऊ लागली.

मग तिला ताप आला. हिवताप असेल, तेव्हा घरोघरी असायचा. पण खिरीचं कानावर गेलं आणि झरीहून तिचा मामा धावत आला — ज्याने तिला आश्रमात सोडलं होतं, तोच. “नवा कोणी रांधला?” मी मार्थाकडे बोट दाखवलं. त्याने जानीला खांद्यावर घेतलं आणि तो निघाला. “तुला माहीत होतं?” मार्थाने मला विचारलं. मी कानांवर हात ठेवले — आम्ही नरपडची माणसं, आम्हाला काय ठाऊक! तिने विश्वास ठेवला. आपल्यामुळे पोर आश्रमातून गेली असं मनाशी धरून ती आपल्या देशी परत गेली. तिला स्टेशनावर पोचवायलाही मीच होते. पुन्हा मिठी मारली तिने.

मी लहान होते, दुखावलेली होते, असलं काही म्हणणार नाही. जानी मला हवी होती, त्याची लाज आजही वाटत नाही. बाकीचं मी केलं, जाणूनबुजून केलं.

बऱ्याच वर्षांनी तळासरीच्या बाजारात जानी दिसली. कडेवर मूल. तिने मला ओळखलं, जवळ आली.

“गोरी बाय कशी हाय?”

बरी आहे, म्हटलं. मला काय माहीत?

“तिची खीर गोड होती,” जानी म्हणाली, आणि मूल सावरत निघून गेली. मी कशी आहे, ते तिने विचारलं नाही.