दोन घरांत लिहिलेला एक पलंग

"ही बघा," साहेब म्हणाले आणि माझ्या नातीच्या डोक्यावर त्यांनी लाकडी पट्टी टेकवली.

निकिता भिंतीला पाठ लावून उभी होती. तेरा वर्षांची. शेजारी त्यांनी दुसरी पोरगी उभी केली होती, तीही तेरा वर्षांची, दुकानदाराची. निकिताचं डोकं तिच्या खांद्याला लागत होतं. समोर पुढे खुर्च्या, त्यांवर बाहेरून आलेली माणसं. मागे सतरंजीवर आम्ही, वस्तीतल्या बाया.

"दोघी एका वयाच्या. दोघींच्या घरात पलंग आहे, पंखा आहे. दोघींच्या घरी रोज दूध येतं. आमच्याकडे सगळं लिहिलेलं आहे. मग हिची उंची कुठे गेली?"

पुढच्या खुर्च्यांवर कोणीतरी हसलं.

"ही गरिबी नाही. हा अडाणीपणा आहे. घरातल्या बायांना पोर वाढवता येत नाही."

साहेब मराठीच होते. मराठीतच बोलले. म्हणून एकही शब्द चुकला नाही.

निकिताने माझ्याकडे पाहिलं. फक्त माझ्याकडे. तिला सगळं ठाऊक होतं. "आमच्याकडे दूध येत नाही," एवढं ती बोलली असती तरी झालं असतं. ती बोलली नाही. माझी लाज राखायला ती गप्प उभी राहिली आणि मी सतरंजीकडे बघत बसले.

पलंग शेजारच्या सुमनबाईचा होता. पंखाही तिचाच. दूध तर मी तोंडानेच आणलं होतं.

हे सगळं मला सांगायचं आहे, कारण ते मी केलं.

आम्ही खानदेशातले. माझा मुलगा भटू इथे गुजरातेत पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या गिरणीत आहे. त्याच्या नखांचा रंग आठवड्याला बदलतो, कधी निळा, कधी जांभळा. सून संगीता घरी साड्यांना खडे चिकटवते. मीही चिकटवायचे, आता डोळे साथ देत नाहीत. खोली एकच. आमच्या लाइनीत सगळ्या खोल्या तशाच, आणि बहुतेक माणसं आमच्याच मुलखातली.

निकिता रांगत होती तेव्हा पहिल्यांदा साहेबांची माणसं आली. म्हणाली, गरिबीत पोरं कशी वाढतात ते बघायचं आहे. एकदा नाही, पोर मोठं होईपर्यंत. दर दोन-तीन वर्षांनी येऊ, हीच पोरं मोजू, हेच प्रश्न विचारू. कागदावर लिहून दिलं की नाव कुणाला सांगणार नाही. तो शब्द त्यांनी पाळला. त्या दिवशीही नाव घेतलं नाही. पोरगीच उभी केली.

आमच्या लाइनीत एक रीत आहे. कुणाच्या घरी मुलगी बघायला पाहुणे येणार असले, तर ते घर सगळी लाइन मिळून सजवते. सुमनबाईचा पलंग जातो, कुणाचे स्टीलचे ग्लास, कुणाची चांगली चादर. पाहुणे गेले की सामान आपापल्या घरी परत. यात कुणाला खोटं वाटत नाही. आज तिची अब्रू, उद्या माझी.

पिशव्या आणि पेन घेतलेली माणसं घर बघायला येणार म्हटल्यावर मी तेच केलं. माझ्या डोक्यात दुसरं आलंच नाही. घर बघायला येतात म्हणजे पाहुणेच. त्यांच्यापुढे रिकामी खोली कशी दाखवायची? मी सुमनबाईला हाक मारली. तिच्या मुलांनी पलंग आणि पंखा उचलून आणला. पलंगाचा एक पाय मोडलेला होता, साडीच्या काठाने घट्ट बांधलेला. तो भाग मी भिंतीकडे केला आणि वर चादर टाकली.

सुमनबाई म्हणाली, "माय, तू काय निकिताचं लग्न काढलं का? ती अजून रांगते."

आम्ही दोघी हसलो. मला आता ते हसणं आठवतं.

पेनवाल्या बाईने विचारलं, "खाट, पलंग आहे?" मी म्हटलं, "हा काय." "पंखा?" "हा बघ." "मुलीला दूध?" "रोज." "फळं?" "आणतो की." ती लिहीत गेली. मी छाती काढून बसले होते. संगीता दाराशी उभी होती. बाई गेल्यावर ती एवढंच बोलली, "माय, खोटं कसाले सांगस?"

"तुले काय समजस?" म्हणून मी तिला गप्प केलं.

मला समजत होतं असं वाटत होतं. मी गावाकडे चौथीपर्यंत शाळेत गेले. एकदा गुरुजींनी एकेकाला उभं करून विचारलं, सकाळी काय खाऊन आलात? मी खरं सांगितलं, "काही नाही." सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले. त्या दिवसापासून कुणी विचारलं की मी पोळी-भाजी सांगायला लागले. साठ वर्षं सांगितली. पोट रिकामं असलं तरी तोंड भरलेलं ठेवायचं, एवढं मी शाळेत शिकले.

मधल्या खेपांनाही मी हेच केलं. निकिता सात वर्षांची झाली तेव्हा ते पुन्हा आले. या वेळी हेतल नावाची गुजराती मुलगी होती, चांगली होती. मला बा म्हणायची, त्यांच्यात आजीला म्हणतात तसं. तिने प्रश्न पोरीलाच विचारला. "काल काय खाल्लंस?"

निकिता म्हणाली, "भाकर. मिरची."

"आणि दूध?"

"आपला घर दूध कोठे येस?" ती माझ्याकडे वळून म्हणाली.

मी तिच्या दंडाला चिमटा काढला. साधा नाही. नखं लावून. वर हसून हेतलला म्हटलं, "खोडकर आहे. सकाळीच तर प्यायली." निकिताच्या डोळ्यांत पाणी आलं. हेतलने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग कागदावर लिहिलं. काय लिहिलं ते मला पट्टी लावली त्या दिवशी कळलं, साहेबांच्या तोंडून.

त्यानंतर कुणी काही विचारलं की निकिता आधी माझ्या तोंडाकडे बघायची. मी जे म्हणेन ते ती म्हणायची. मला वाटायचं, पोर शहाणी झाली.

आणि घरात काय होतं? भटू आधी जेवायचा, त्याला बारा तास गरम वाफेत उभं राहायचं असतं. मग मी. मग निकिता. शेवटी संगीता, उरलं तर. मीच वाढत होते. हा क्रम मीच लावला होता. साहेब आम्हाला अडाणी म्हणाले, ते खोटं आहे. पण माझं ताट नातीच्या आधी भरत होतं, ते खरं आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तर त्या दिवशी पर्वत पाटियाजवळच्या वाडीत, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये, आम्हाला बोलावलं होतं. इतक्या वर्षांत काय सापडलं ते सांगणार होते. मला वाटलं होतं सत्कार आहे. मी नवी साडी नेसले होते.

पोरींना खाली बसवून साहेब पुढे बोलले. म्हणाले, अशी बरीच घरं आहेत. घरात सगळं आहे, तरी पोर खुरटलेलं. म्हणून आम्ही वर सरकारला लिहून देणार आहोत की अशा वस्त्यांत मुलांना खाऊ वाटून उपयोग नाही. आधी बायांना शिकवा.

खाऊ म्हणजे अंगणवाडीचा. लाइनीतली किती पोरं दुपारी तेवढंच खातात, ते मला माहीत आहे. माझ्या बाजूला संगीता बसली होती. पोरीसाठी उपाशी झोपलेली बाई ती, आणि अडाणी ठरली ती. माझ्यामुळे. आता लाइनीतल्या पोरांच्या तोंडातलंही जाणार, तेही माझ्यामुळे.

मी उठले. गुडघे वाजले.

"साहेब, मी खोटं सांगितलं."

"मावशी, बसा. आपण नंतर बोलू."

"पोरगी सगळ्यांसमोर उभी केली. मी नंतर कशाला बोलू?"

मागून एक बाई म्हणाली, "बोल माय, बोल."

मी बोलले. पलंग माझा नाही. पंखा माझा नाही. दूध कधी आलं नाही. निकिताने खरं सांगितलं होतं, मी चिमटा काढून तिला गप्प केलं. माझ्या सुनेला अडाणी म्हणू नका, ती शेवटी जेवते. सगळे माझ्याकडे बघत होते. चौथीतल्या त्या वर्गात उभी असल्यासारखं वाटलं. फक्त या वेळी मी खाली बसले नाही.

साहेबांचा चेहरा कडक झाला. "म्हणजे तुम्ही इतकी वर्षं आमची फसवणूक केली?"

"केली," मी म्हटलं. "पण तुम्ही पलंग आहे का विचारलं. कुणाचा आहे, ते कधी विचारलं? दूध विचारलं. घरात शेवटी कोण जेवतं, ते विचारलं?"

तेवढ्यात सुमनबाई उठली. "साहेब, तो मोडक्या पायाचा पलंग माझ्याही घरात लिहिलाय. माझाही नातू तुमच्या कागदात आहे. दोन्ही घरं एकाच दिवशी केली. आधी हिच्याकडे, मग माझ्याकडे. पलंग तुमच्या माणसांच्या पाठोपाठ माझ्या दारातून आत आला."

आता सतरंजीवरच्या बाया हसल्या. तिसऱ्या रांगेतली एक म्हणाली, "माझ्याकडे ग्लास आले होते." आणखी एक म्हणाली, "टेबलपंखा." एकेक उठत गेली. मी एकटीच खोटारडी आहे असं मला वाटत होतं. सगळी लाइन होती.

हेतल भिंतीशी उभी होती. ती खालच्या आवाजात म्हणाली, "बा, मने खबर हती." तिला ठाऊक होतं. पलंगाच्या पायाला बांधलेला काठ तिने दोन्ही घरांत पाहिला होता. "मग लिहिलं का नाहीस?" मी विचारलं. ती म्हणाली, कागदावर त्याला जागा नव्हती.

साहेब म्हणाले, जुनं लिहिलेलं आता बदलता येणार नाही. फार तर तुमचं घर यादीतून काढून टाकू.

मी म्हटलं, "काढू नका. काढलंत तर तुमच्या कागदात फक्त दूधवाली घरं उरतील. जुनं राहू द्या आणि त्याच्याखाली लिहा, आजी खोटं बोलली, पोरगी खरं बोलली."

ते त्यांनी लिहिलं की नाही, मला माहीत नाही. वर काय लिहून दिलं, तेही अजून कळलेलं नाही. हेतल भेटली की मी तिला दर वेळी विचारते आणि विचारत राहणार आहे.

घरी येताना रिक्षात निकिता माझ्या शेजारी बसली नाही. रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाली, "तू माले चिमटा लिन्हा व्हता." मी हो म्हटलं. ती आजही माझ्याशी मोजकंच बोलते. तिची उंची आता वाढेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. मी माफी मागून गेलेली उंची परत येणार नाही, म्हणून मी माफीचं नाटक केलं नाही.

आता आम्ही सगळे एकदम जेवायला बसतो. ताट भरतं आधी संगीताचं, मग निकिताचं. भटू कुरकुरला. मी म्हटलं, कुरकुर.

पुढच्या वेळी पेनवाली माणसं येतील तेव्हा खोली आहे तशी दिसेल. लाइनीतल्या बायांना मी घरोघर जाऊन सांगून आले, मुलगी बघायला पाहुणे आले तर पलंग द्या, कागदवाल्यांसाठी देऊ नका. पोराला मोजायचं तर घरात मोजा, दार लावून. चारचौघांत कुणाचं पोर उभं केलं, तर आम्ही सगळ्या उठून जाणार. आणि आमच्यावर जे लिहाल ते वर पाठवण्याआधी आमच्या लाइनीत येऊन मोठ्याने वाचायचं. आम्ही ऐकून हो म्हटलं तरच सही. मला सही येते.

हे जिच्या हातून घडलं ती मी. खानदेशातून आलेली, चौथी शिकलेली, पांडेसऱ्यात एका खोलीत राहणारी म्हातारी. निकिताची आजी.