टाकीतला बर्फ

हनीफभाई संडासाच्या टाकीत बर्फ टाकायचे. मासळीबाजाराजवळच्या कारखान्यातून लादी आणायची, गोणपाटात गुंडाळून दगडाने फोडायची आणि मुठीएवढे तुकडे संडासाच्या भोकातून खाली सोडायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलंय.

"सरबत करताय काय?" मी विचारलं.

मान वर न करता ते म्हणाले, "लिंबू हाय काय तुमच्याकडे, बाय?"

ही गोष्ट पळस्प्याच्या पुढे गोवा रस्त्याला लागून असलेल्या यार्डातली. तिथे राहायच्या गाड्या उभ्या असतात. आत पलंग, बेसिन, गॅस, संडास, सगळं. शूटिंगवाले नेतात, लग्नवाले नेतात, कुणी कोकणात फिरायला नेतं. गाडी परत आली की चादरी, पडदे, उशांचे अभ्रे काढून धुणं हे माझं काम. गाडीच्या पोटाखाली दोन टाक्या असतात, एक मैल्याची आणि एक अंघोळीच्या, बेसिनच्या पाण्याची. त्या हनीफभाईंच्या. बाकीचे लोक आम्हां दोघांपासून जरा लांब उभे राहून चहा प्यायचे. त्यांच्यापासून वासामुळे, माझ्यापासून तोंडामुळे.

हनीफभाई पनवेलच्या मोहल्ल्यातले. उंच, वाळलेले, दाढी मेंदीने लाल केलेली. अर्धं आयुष्य आखातात गेलेलं. तिकडे थंडीत श्रीमंत लोक अशाच गाड्या घेऊन वाळवंटात राहायला जातात, त्यांच्या टाक्या हे बघायचे. "बादशाही नोकरी होती, बाय," म्हणायचे आणि रबरी हातमोजा घातलेला हात हवेत असा फिरवायचे, की मला खरंच वाळू दिसायची, वाळूत दूर एक दिवा दिसायचा आणि टाकीजवळ उकिडवा बसलेला हा माणूस दिसायचा. मी पनवेलच्या बाहेर फारशी गेलेली नाही. वाळवंट मी एवढंच बघितलंय, त्या हातमोज्यात.

कामाची त्यांची रीत ठरलेली. आधी मैल्याची टाकी सोडायची, मग साबणाच्या पाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुऊन निघतो. टाकी रिकामी झाली तरी कोरडी ठेवायची नाही, आत दोन बादल्या पाणी पाहिजेच. ड्रायव्हर लोक खालची झडप उघडी टाकून गाडी फिरवायचे. मग पाणी वाहून जायचं आणि बाकीचं तळाला दगडासारखं बसायचं. त्यांना मी शिव्या द्यायचे. हनीफभाई नाही द्यायचे. टाकीत पाणी भरायचे, दिवसभर मुरू द्यायचे, सोडायचे, परत भरायचे. "घट्ट बसलेल्याला घाई नाय चालत," एवढंच म्हणायचे.

संडासाच्या दाराजवळ भिंतीत चार दिवे असतात. टाकी रिकामी, थोडी भरली, बरीच भरली, पूर्ण भरली. टाकीच्या भिंतीत एकावर एक खिळे बसवलेले असतात. पाणी ज्या खिळ्याला लागेल तो दिवा पेटतो. त्याला सेन्सर म्हणतात. पण त्या खिळ्यांना कागद, तेलकटपणा चिकटला की टाकी रिकामी असली तरी 'भरली'चा दिवा पेटून राहतो. यार्डाचे मालक, शेट, वैतागायचे, नवीन बसवा म्हणायचे. हनीफभाई त्यांना सांगायचे, "शेट, दिवा खोटं बोलतो, पण फुकट नाय बोलत. त्याच्या अंगाला काय तरी चिकटलेलं असतं. ते काढा, खरं बोलंल."

ते काढायला बर्फ. टाकीत बर्फ, थोडं पाणी आणि भांडी घासायचा साबण घालायचा आणि गाडी पळवायची. गाडी हलली की आत तुकडे आपटतात, भिंती घासल्या जातात आणि शेवटी बर्फाचं पाणी होऊन जातं, मागे काही उरत नाही.

गाडी ते स्वतः चालवायचे आणि मला मागे बसवायचे, आवाज ऐकायला. तेवढी फेरी मी कधी चुकवली नाही. थंडीची सकाळ. पडदे धुवायला काढलेले, त्यामुळे सगळ्या खिडक्या उघड्या. मी उघड्या गादीवर पाय वर घेऊन बसलेली. शिरढोणपर्यंत खालून नुसती खडखड, जशी शंभर बायकांच्या हातातल्या बांगड्या एकदम वाजाव्यात. मग धुक्यातून कर्नाळ्याचा सुळका वर यायचा, खाली डोंगर नसल्यासारखा, नुसता हवेत ठेवलेला. खिंडीत वळणं लागली की बर्फ एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकायचा आणि मला वाटायचं, आपण रस्त्यावर नाही, होडीत बसलोय आणि खाली काचेचं पाणी आहे. खाली काय होतं ते मला माहीत होतं. तरी वाटायचं. परत येताना आवाज बारीक होत होत संपून जायचा.

"थांबला!" मी ओरडायचे. "झालं काम!"

"आवाज थांबला म्हणजे काम झालं नाय, बाय," ते पुढून म्हणायचे. "बर्फ संपला, एवढंच. आता बघायचं."

बघायचं म्हणजे वास घ्यायचा. आणि तो घ्यायला ते मला बोलवायचे. पहिले काही दिवस मला वाटलं, माझी खोडी काढतायत. एकदा भडकून म्हटलं, "तुमचं नाक काय गहाण टाकलंय?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हणाले, "गेलं, बाय. साथीत ताप आला, तेवा वास गेला. परत आलाच नाय. कुणाला बोलू नका. शेटला कळलं तर या वयात मला कोण ठेवणार? घरी बसलो तर मरून जाईन मी."

टाकीवाल्याला वास येत नाही हे हसण्यासारखं नाही. टाकीत विषारी हवा साठते, तिचा वास हीच पहिली खूण. म्हणून त्यांनी मला शिकवून ठेवलं होतं, "सडक्या अंड्यासारखा आला की मला मागे ओढायचं. विचारायचं नाय, ओढायचं." दोनदा ओढलं मी. एकदा त्यांचा सदरा फाटला. तो मीच शिवून दिला.

सुरुवातीला मी सांगायचे, "घाण येतो, दुसरं काय?" त्यांना ते चालायचं नाही. "घाणीला पण नाव असतं, बाय. कसली घाण?" मग मी नाक लावून सांगायला शिकले. आंबट, ओल्या फडक्याचा, गंजल्या लोखंडाचा, नुसता साबणाचा. पुढे पुढे टाकी सोडून दुसरंही विचारायला लागले. आज हवेला काय येतो? मी सांगायचे, वाऱ्यावर खाडी आलीय. कुणीतरी सुकट भाजतंय. डोंगराकडून वणव्याचा येतोय. ते डोळे मिटून ऐकायचे, एखादी बाई कहाणी ऐकते तसे.

आणि डबा. बायकोलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. सकिना खपून तांदळाची गोड सांदणं करायची, कधी नारळाच्या रसातलं कालवण. हे डबा उघडून आधी माझ्या नाकाखाली धरायचे. मी सांगायचे, "वेलची घातलीय. जरा जास्तच हाय." घरी जाऊन हे सांगणार, सकिना, आज वेलची काय दरवळत होती! ती बाई खूश. मी म्हणायचे, "बायकोला फसवताय." ते म्हणायचे, "ती माझ्यासाठी वेलची कुटते. तिला बोलू, की मला माती खाल्ल्यासारखं लागतं?"

अशी दोन वर्षं गेली. मग माझ्या हातून ते झालं.

त्या थंडीत मला पडसं झालं. नाक गच्च. एक मोठी गाडी लग्नाला रत्नागिरीकडे जायची होती, घाईची. बर्फाची फेरी झाली. हनीफभाईंनी विचारलं, "काय येतो, बाय?" मी वाकले. काहीच येत नव्हतं. येत नाही म्हणायला काय झालं होतं? पण मी म्हटलं, "साबणाचा येतो. चांगला."

त्यांनी मान डोलावली. गाडी गेली.

महाडच्या अलीकडे लग्नाची माणसं रस्त्यात उतरली. आत बसवेना. नवरीने साडीवर उलटी केली. तळाला एका कोपऱ्यात जुनं साठलेलं राहून गेलं होतं, गाडी तापली तसा त्याचा वास उठला. गाडी परत आली तेव्हा शेट यार्डाच्या मधोमध उभे राहिले आणि सगळ्यांसमोर ओरडले, "हनीफभाई, नाक आहे की नाही तुम्हाला?"

मी तिथेच होते, हातात ओल्या चादरींची बादली. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. 'बाईने चांगलं सांगितलं,' एवढं म्हटलं असतं तर सुटले असते. ते म्हणाले, "नाय, शेट. दोन वर्षं झाली. मला वास येत नाय."

  शेट खाली बघून म्हणाले, "मग हे काम तुम्हाला कसं देऊ? उद्या टाकीपाशीच पडाल." ते खरंच होतं. हनीफभाईंनी हातमोजे काढले, धुतले, दोरीवर वाळत घातले आणि निघाले. मी बादली धरून उभी होते. या तोंडाला सगळे घाबरायचे, पण त्या दिवशी त्यातून एक शब्द निघाला नाही.

पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी गेले. दाराशी खुर्ची टाकून बसले होते. सकिना आत होती. मी चपला न काढताच सांगून टाकलं, "त्या दिवशी माझं नाक बंद होतं. मी खोटं सांगितलं."

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "आवाजावरून कळत होतं पडसं. मला वाटलं, थोडा तरी येत असंल." मग हसले. "काय चिकटलं होतं, बाय?"

मी विचार केला. खोटं परत सांगायचं नव्हतं. "मोठेपणा," मी म्हटलं. "आख्ख्या जन्मात मला कुणी काय विचारलं नाय. तुमी रोज विचारत होता. येत नाय म्हटलं, तर उद्यापासून विचारायचं बंद कराल असं वाटलं."

 तेवढ्यात आतून वास आला, तशी मी ओरडले, "सकिनाबाय, दूध लागतंय!" ती धावली. आतूनच म्हणाली, "तुमीच ती नाकवाली काय? दोन वर्षं माझी वेलची जास्त झाली म्हणताय, ती तुमी?" तिला त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं. तिने चहा आणला. माझ्या कपात मुद्दाम वेलची जास्त.

पुढच्या पावसाळ्यानंतर हनीफभाई गेले. झोपेतच. मी गेले तेव्हा त्यांना न्यायची तयारी झाली होती. बायकांत मागे बसले. अत्तर होतं, कापूर होता, अंगणातली ओली माती होती, कुणाच्या तरी घरी कांदा तळत होता. मी मनातल्या मनात एकेक सांगत गेले. सवय होती, म्हणून.

आता टाक्यांना दुसरा माणूस आहे. त्याचं नाक चांगलं आहे, तरी शेट मला वास घ्यायला उभं करतात. बर्फ मी त्याला सोडू देत नाही, लादी मीच फोडते. फेरीला मागे बसते. शिरढोण जातं, सुळका येतो, खाली बांगड्या वाजतात आणि बारीक होत होत थांबतात. तो पुढून विचारतो, "मावशी, झालं काय?"

"बर्फ संपला," मी सांगते. "गाडी उभी कर. आता बघायचं."

आणि ज्या दिवशी नाक बंद असेल, त्या दिवशी बंद आहे म्हणून सांगते. गाडी थांबते त्या दिवशी. शेट कुरकुरतात. कुरकुरू देत.