तिसऱ्या खळग्यात थांबलेली गोटी

संशोधन संस्थेच्या तळघरातल्या सुतारशाळेत एक म्हातारा काम करायचा. सगळे त्याला रंधाकाका म्हणत. एकोणचाळीस वर्षं त्याने उपकरणांच्या पेट्या, लिहायचे फळे आणि स्टुलं केली, आणि केलं ते आरशासारखं गुळगुळीत केलं. खुर्चीच्या बैठकीखाली, जिथे कुणाचा बापही बघणार नाही, तिथेही हा पठ्ठ्या चार वेळा पॉलिशपेपर मारायचा. बायको म्हणायची, "तुमच्या हाताखाली आले असते तर मलाही घासून काढलं असतं."

निवृत्तीला बारा दिवस उरले असताना वरच्या मजल्यावरची भौतिकशास्त्रज्ञ बाई जिना उतरून आली. ती विद्यार्थिनी असल्यापासून काकांकडे यायची. मोडका चष्मासुद्धा तिने एकदा त्यांच्याकडूनच चिकटवून घेतला होता. आता तिची पाच वर्षांची नेमणूक संपत होती. शुक्रवारी निवड समितीपुढे व्याख्यान होतं. पसंत पडलं तर कायमची नोकरी, नाही तर चंबूगबाळं आवरायचं.

"समितीतल्या निम्म्या लोकांना आमचं गणित कळत नाही काका. मला एक उतार करून द्या."

"कसला उतार?"

ती पालथ्या खोक्यावर बसली. हिग्ज नावाचा एक कण आहे, ती म्हणाली, आणि हिशेबाने तो आहे त्याच्या कोट्यवधी पट जड निघायला हवा. तसा असता तर अणू असे जुळलेच नसते. मग तो इतका हलका कसा? काही जणांनी एक वाट सुचवली होती, आणि ती त्याच वाटेवर काम करत होती. विश्वाच्या सुरुवातीला अ‍ॅक्सियॉन नावाच्या कल्पित कणाच्या जातीचं, चुंबकाभोवती असतं तसलं एक अदृश्य क्षेत्र ऊर्जेच्या उतारावरून सावकाश घसरत होतं. ते जसजसं घसरे, तसतसं हिग्जचं वजन बदले. कमी होत होत त्या वजनाने एक रेष ओलांडली, आणि त्याच क्षणी उतारावर बारीक लाटा उठायला लागल्या. त्यांतल्या एका खळग्यात ते अडकलं. म्हणून हिग्ज हलका.

"म्हणजे कुणी येऊन थांबवलं नाही?"

"कुणीच नाही. उतरता उतरता त्याने स्वतःच स्वतःच्या वाटेत खड्डे पाडले."

काकांना याचं नवल वाटलं. त्यांनी आजवर जे जे जागच्या जागी ठेवलं होतं, ते खिळा ठोकूनच.

दोन दिवस त्यांनी जेवणाची सुट्टी घेतली नाही. आठ फूट लांब फळी, मध्यावर लाल रेष, रेषेपुढे चढत्या उंचीच्या लाटा. बुधवारी बाई आली तेव्हा त्या लाकडात तिचा चेहरा दिसत होता. "काय देखणं केलंय हो!" ती म्हणाली आणि वरून पोलादी गोटी सोडली.

गोटी सुसाट निघाली, रेष ओलांडली, साऱ्या लाटांवरून टणाटण उड्या मारत टोकाला पोचली आणि कपाटाखाली गडप झाली. दहा वेळा सोडली, दहाही वेळा तेच. बाईचं तोंड एवढंसं झालं.

"लाटा उंच करू?" काका म्हणाले.

"नको. बारीक लाटेत थांबली तरच गंमत आहे. उंच केल्या तर ती लबाडी होईल." ती कपाळ चोळत राहिली. "आमच्या गणितात विश्व फुगत असतं ना, ते घसरणीला ब्रेक लावतं. इथे ब्रेक कोण लावणार?"

काकांनी फळीवरून तळहात फिरवला. ब्रेक कुठून लागणार! त्यांनी स्वतःच तो घासून घासून काढून टाकला होता. एकोणचाळीस वर्षांचा सगळा तोरा त्या फळीवर चकाकत होता, आणि तोच पोरीच्या मुळावर आला होता. त्यांना रडू आलं, आणि रागही आला. मग त्यांनी उपकरणांच्या पेट्यांना आतून लावायचं जाड लोकरी कापड काढलं, सरस गरम केला आणि आपलं सगळं पॉलिश त्याखाली गाडून टाकलं.

शुक्रवारी ते सभागृहात मागच्या रांगेत बसले. बाईने समितीच्या अध्यक्षांनाच गोटी सोडायला लावली. रेषेच्या वर कुठूनही सोडा म्हणाली. गोटी निवांत निघाली, रेषेवरून गेली, पहिली लाट चढली, दुसरी चढली, तिसऱ्या लाटेपुढे डुलली आणि खळग्यात बसली. मग अध्यक्षांनी ती वरचं टोक आणि रेष यांच्या मधून सोडली. पुन्हा तिसराच खळगा! काकांच्या अंगावर सरसरून काटा आला. फळी आपण केली, कापड आपण चिकटवलं, तरी ती थांबली ती आपली आपणच!

"हे खरोखर असंच घडलं का?" समितीतल्या एकाने विचारलं.

बाई म्हणाली, "माहीत नाही. अजून कुणालाच माहीत नाही."

अगं हो म्हण की! काकांनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. नोकरी टांगणीला लागलेली, आणि ही हरिश्चंद्राची नात खरं बोलत बसली आहे!

दुपारी चारला ती तळघरात आली. "ठेवलं मला काका," एवढंच म्हणाली आणि हमसून रडायला लागली. काकाही रडले. लपवायचं कशाला?

डोळे पुसून झाल्यावर काकांनी तीन दिवस मनात घोळणारा प्रश्न विचारला. "ते तुझं खरं क्षेत्र, विश्वातलं. ते आता कुठे आहे?"

"गणित बरोबर असेल तर त्याच खळग्यात. अब्जावधी वर्षं तिथेच बसलंय."

"म्हणजे लांब कुठेतरी आकाशात?"

"छे हो! क्षेत्र म्हणजे सगळीकडे असतं. इथेसुद्धा. तुमच्या माझ्या मधल्या या हवेत, तुमच्या मुठीत."

काकांनी मूठ उघडली आणि तळहाताकडे पाहिलं. मग भुशाने भरलेल्या त्या खोलीकडे पाहिलं, जिथे ते एकोणचाळीस वर्षं हातोडे आपटत आले होते. त्यांनी स्टूल उचललं, मुळीच आवाज न करता खाली ठेवलं आणि कशालाही धक्का लागणार नाही अशा बेताने त्यावर टेकले.