बाहुलीला नाडी नसते

"पावणं, कुठल्या गल्लीतल्या म्हणायच्या?" शेजारच्या बाईने विचारलं. तिची बाही वर सरकवलेली होती, हात माझ्या पुढ्यात होता. मी हातकणंगल्यातली आमची गल्ली सांगितली. गल्ली कळली की जात कळते. तिने बाही खाली ओढली.

"मॅडम, मला दुसरी जोडीदारीण द्या की. आमच्यात चालत न्हाय."

कोल्हापुरातला रुग्णसेवेचा सहा महिन्यांचा वर्ग. आम्ही अठरा बायका, तिशी-चाळिशीच्या. नाडी मोजायला एकमेकींच्या हातावर शिकायचं. मॅडमनी सगळ्यांकडे पाहिलं. एकीनेही हात पुढे केला नाही. मग त्यांनी कपाटातून प्लास्टिकची बाहुली काढून माझ्यापुढे ठेवली.

"तू हिच्यावर शीक. ही काय तक्रार करत न्हाय."

वर्ग हसला. मीही हसले. भीतीने.

बाहुलीला नाडी नसते. मॅडम म्हणाल्या, "बहात्तर लिही." मी रोज बहात्तर लिहिलं. ज्या दवाखान्यात मी फरशी पुसायचे, तिथे सांगितलं होतं, प्रमाणपत्र आण, वॉर्डात पेशंटजवळ घेतो. तोंड उघडलं तर वर्गातून नाव कापतील, ही धास्ती होती. घरी जाताना एसटीत मी स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून मोजायचे. बरोबर की चूक, सांगणारं कुणी नव्हतं.

परीक्षा घ्यायला बाहेरून साहेब आले. माझी पाळी आली. मॅडमनी बाहुली पुढे सरकवली. हळूच म्हणाल्या, "बहात्तर. गप लिही आणि ऊठ."

पेन हातातून निसटलं. ते मी उचललं नाही.

"साहेब, बाहुलीला नाडी न्हाय. सहा म्हैनं मी खोटं लिवलंय. मला माणसाचा हात पायजे."

साहेबांनी खोलीभर पाहिलं. सतरा बायकांचे हात पदराखाली गेले. शेजारची बाई पुटपुटली, "लई शानी झालीस व्हय?" साहेबांनी खाली पाहिलं आणि रजिस्टरात माझ्या नावापुढे लिहिलं: गैरहजर.

मी समोर उभी होते.

मी रजिस्टर ओढलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत स्वतःची नाडी मोजली, पुरं एक मिनिट. साहेबांचंच पेन घेऊन 'गैरहजर'च्या शेजारी आकडा लिहिला: एकशे चोवीस. एवढी मी भ्यालेली होते.

गैरहजर असणाऱ्यांची फेरपरीक्षा सोमवारी आहे. दवाखान्याने अजून काही कळवलेलं नाही. भीती तेवढीच आहे. मी जाणार. हात मागणार. बाहुलीला शिवणार नाही, आणि बहात्तर लिहिणार नाही.